रिपोर्ट चांगला, पण जगणं कसं आहे?

साखर आटोक्यात आली, रक्तदाब उतरला, घरचे निर्धास्त झाले. पण अम्मींना रात्री झोप लागत नाही, जिना उतरवत नाही, हे कुठल्या रिपोर्टमध्ये येणार?

हेही मोजता यावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. त्या कामात दिल्ली आणि चेन्नई ही केंद्रेही होती. तिच्या छोट्या आवृत्तीत 26 प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत दुखण्यामुळे कामे किती अडली? झोप समाधानाची लागते का? जगण्याला अर्थ आहे असे वाटते का? गरजेपुरता पैसा हाती आहे का? प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण. शरीर, मन, नाती आणि परिसर यांचे हिशेब वेगवेगळे. म्हणून शरीर सुधारले तरी मन खचले असेल, तर ते झाकले जात नाही.

दोन औषधांनी आयुष्य सारखेच वाढत असेल, तर कोणते औषध कमी त्रासाचे, हे अशाच प्रश्नांतून कळते.

शक्यतो उत्तर रुग्णानेच द्यायचे असते. चालणे, आंघोळ अशा दिसणाऱ्या गोष्टींबाबत नातेवाइकांचा अंदाज बराचसा जुळतो. वेदना आणि उदासीबाबत तो चुकण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे मात्र डॉक्टरांनी विचारले की मुलगाच सांगून टाकतो, "अम्मी ठीक आहेत." पुढच्या तपासणीला दोन मिनिटे त्यांनाच बोलू द्या.