एकच नाव, दोन वेगळे माल: पीसीवरचे स्पोर्ट्स गेम मागे का राहतात?



आज धंद्याची गोष्ट गेमच्या दुकानातून घेऊया. "सर, आम्ही मसाले विकतो, आम्हाला गेमचं काय?" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. पण ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यांनी त्याला एकदा विचारून बघा, की पीसीवरचा फुटबॉलचा गेम आणि प्लेस्टेशनवरचा गेम एकच असतो का. तो तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही.

१ ऑक्टोबर २०२१ ला ईए स्पोर्ट्सचा 'फिफा २२' बाजारात आला. त्या वर्षी कंपनीनं सगळ्यात मोठा गाजावाजा केला तो 'हायपरमोशन' नावाच्या तंत्राचा. बावीस खेळाडूंना अंगात सेन्सरवाले सूट घालून खरा सामना खेळायला लावला, त्यांची प्रत्येक हालचाल टिपली आणि त्यातून ४,००० पेक्षा जास्त नव्या हालचाली गेममध्ये आणल्या. हे मिळालं प्लेस्टेशन ५ ला आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस ला. पीसीवाल्यांना मिळाला तो मागच्या पिढीचा गेम, म्हणजे २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ वर चालणारा. ज्याचा पीसी दीड-दोन लाखांचा आहे, प्लेस्टेशन ५ पेक्षा तगडा आहे, त्यालाही तोच.

कंपनीवर अन्याय नको म्हणून दोन गोष्टी सांगतो. हे तिनं लपवलं नव्हतं, गेम यायच्या आधीच जाहीर केलं होतं. आणि अमेरिकेत पीसीची किंमत ६० डॉलर होती, प्लेस्टेशन ५ ची ७०. म्हणजे जुन्या मालाला जुना भाव. पण नाव मात्र दोन्हीकडे तेच, 'फिफा २२'. हे नावाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे एकदाच झालं असतं तर मी लिहायलाच बसलो नसतो. २००५ च्या शेवटी एक्सबॉक्स ३६० आला, पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३. त्यांच्यासाठी फिफाचं नवं इंजिन तयार झालं, पण पीसीला ते मिळायला 'फिफा ११' उजाडावा लागला. मग २०१३ मध्ये पुन्हा नवे कन्सोल आले, 'फिफा १४' पीसीवर जुन्याच इंजिनवर आणि नवं इंजिन एक वर्षानं 'फिफा १५' मध्ये. मग तिसऱ्यांदा 'फिफा २१' आणि '२२' जुने, 'फिफा २३' मध्ये बरोबरी. बास्केटबॉलच्या 'एनबीए २के'चं तर '२के२१' पासून '२के२४' पर्यंत सलग चार वर्षं हेच चाललं. २०२४ च्या 'एनबीए २के२५' मध्ये पीसीला पहिल्यांदा नव्या पिढीचा गेम मिळाला. अमेरिकन फुटबॉलचा 'मॅडन' तर 'मॅडन ०८' नंतर पीसीवरून गायबच झाला, परत आला २०१८ साली. आइस हॉकीवाला ईएचा 'एनएचएल' २००८ च्या 'एनएचएल ०९' नंतर पीसीकडे फिरकलाच नाही.

तीन-तीनदा एकच चूक होत असेल तर तिला चूक म्हणत नाहीत. तो हिशेब असतो. कसला हिशेब, तो आता उलगडू.

कंपनी काय सांगते

कंपनीचं अधिकृत कारण आहे मशीनचं. मोबाइल कव्हर विकणाऱ्याला विचारा. आयफोनची चार-सहा मॉडेल ठेवली की काम भागतं. अँड्रॉइडवाला आला की शंभर मॉडेल आणि प्रत्येकाचं कॅमेऱ्याचं भोक वेगळ्या जागी. कन्सोल म्हणजे आयफोनचं कव्हर. प्लेस्टेशन ५ सांगलीत घ्या नाहीतर लंडनमध्ये, आतला प्रोसेसर, ग्राफिक्स, डिस्क सगळं तेच. पीसीला मात्र प्रोसेसर कुठला, कार्ड कुठलं, रॅम किती, ड्रायव्हर कधीचा, काहीच ठरलेलं नाही.

आणि लोकांकडे खरंच जुन्या मशीन असतात. स्टीम हे पीसी गेमचं सगळ्यात मोठं दुकान, ते दर महिन्याला ग्राहकांच्या मशीनचा सर्व्हे छापतं. २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड त्या यादीत २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत वर्षानुवर्षं पहिलं होतं. 'फिफा २२' ला कमीत कमी लागायचं जीटीएक्स ६६०, म्हणजे २०१२ चं कार्ड. 'फिफा २३' नवं इंजिन घेऊन आला तेव्हा ही अट जीटीएक्स १०५० टीआय वर गेली आणि डिस्कवर १०० जीबी जागा मागितली. त्या एका ओळीनं किती जुनी गिऱ्हाइकं दाराबाहेर गेली असतील, विचार करा.

यावर हुशार वाचक म्हणेल, "मग बाकीचे पीसी गेम कसे चालतात? तिथं लो, मीडियम, हाय अशी सेटिंग असते की!" बरोबर. पण गवत कमी हिरवं दाखवणं वेगळं आणि खेळाडूनं चेंडू कसा अडवायचा हे वेगळं. दिसणं कमी-जास्त करता येतं. खेळणं कमी-जास्त केलं तर ऑनलाइन सामन्यात दोघं दोन वेगळे खेळ खेळतील. म्हणून स्पोर्ट्स गेमला सगळ्यात कमकुवत मशीन मोजूनच चालावं लागतं. 'फिफा २२' चं हायपरमोशन गूगलच्या स्टेडियावरही मिळालं होतं. ती सेवा गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालायची, म्हणजे मशीन कुठली हे पक्कं माहीत. मशीन माहीत असेल तिथं दिलं, नसेल तिथं नाही.

तर कारण खोटं नाही. पण माझ्या मते अर्धंच आहे.

तारीख आणि गल्ला

स्पोर्ट्स गेम हा गणपतीच्या मूर्तीसारखा माल आहे. चतुर्थीच्या आधी तयार पाहिजे, विसर्जनानंतर त्याला कोणी विचारत नाही. बाकीचे गेम सहा महिने पुढे ढकलले तरी चालतात, फुटबॉलचा गेम मात्र युरोपातला हंगाम सुरू होताना यायलाच हवा. त्यात २०२१ साली तोच गेम प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५, दोन पिढ्यांचे एक्सबॉक्स, पीसी, स्टेडिया आणि निन्टेंडो स्विच इतक्या ठिकाणी द्यायचा. तारीख हलत नाही, माणसं तेवढीच, मग कुठेतरी कात्री लागणारच. ती कुठे लावायची हे ठरतं गल्ला बघून.

गल्ल्याचा आकडा ऐका. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात ईएची एकूण निव्वळ कमाई साधारण ५.६३ अब्ज डॉलर होती. त्यातले १.६२ अब्ज, म्हणजे २९ टक्के, एकट्या 'अल्टिमेट टीम' मधून आले. गेम विकून झाल्यावर, गेमच्या आत खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं विकून येणारा हा पैसा. म्हणजे गेम हे दुकान आणि खरा माल आतली पाकिटं. असा धंदा चालतो तो विश्वासावर, की समोरचा लबाडी करत नाहीये. कन्सोल बंद पेटी आहे. पीसी उघडी असते, तिच्यात बाहेरचा प्रोग्रॅम घुसवून फसवणूक करणं सोपं. 'फिफा २३' मध्ये काय झालं बघा. एकाच वर्षी पीसीला नव्या पिढीचा गेम मिळाला, कन्सोलवाल्यांशी एकत्र खेळायची सोय मिळाली आणि फसवणूक पकडणारा कंपनीचा नवा प्रोग्रॅमही पीसीवर आला. मला तरी हा योगायोग वाटत नाही. एवढं करूनही खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार पीसीचा वेगळाच ठेवला, कन्सोलचा वेगळा. भरवसा पूर्ण बसला नव्हताच.

उघड्या पेटीचं एक उदाहरण आपल्याकडचंच आहे. ईएचा 'क्रिकेट ०७' आठवतो? त्यानंतर ईएनं क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. पण सायबर कॅफेत, हॉस्टेलमध्ये पोरं तो वर्षानुवर्षं खेळत राहिली, कारण हौशी लोक स्वतःच नव्या जर्सी, नवे संघ, आयपीएल सगळं पॅच करून घालायचे. फुकट! जी कंपनी दरवर्षी नवे संघ घालून नवा गेम विकते, तिच्या पोटात यानं गोळा येणारच.

काही जण म्हणतात स्टीम ३० टक्के कापतं म्हणून पीसी मागे. हे मला पटत नाही. कन्सोलवाल्यांची दुकानंही साधारण तेवढाच वाटा घेतात, आणि मोठ्या विक्रीवर स्टीमचा वाटा २०१८ पासून २५ आणि २० टक्क्यांपर्यंत उतरतो. कमिशनचा दोष नाही.

गिऱ्हाईक जाणार कुठे?

माझ्या मते खरी गोम इथे आहे. अमेरिकन फुटबॉलच्या 'एनएफएल' नं २००४ च्या डिसेंबरात ईएला एकट्याला हक्क दिले. मग पीसीवर 'मॅडन' नाही दिला तर ग्राहक दुसरा कुठला खरा एनएफएल गेम घेणार? फुटबॉलमध्ये कोनामीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' होता, पण त्याच्याही '२०१६' आणि '२०१७' च्या पीसी आवृत्त्या कन्सोलच्या मागेच होत्या. समोरचा दुकानदारही शिळंच विकत असेल तर गिऱ्हाईक चिडतं, बोंब मारतं आणि शेवटी घेतं. उशीर केल्याचा दंड बसत नाही तोवर उशीर परवडतो.

आपल्याला एनएफएलचा करार मिळालेला नाही. आपलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोर जातं. तरी आपल्या प्रत्येकाच्या धंद्यात एक 'पीसी' असतो, ज्याला सगळं शेवटी आणि उरलेलं मिळतं. कुणाचा व्हॉट्सअॅपवर ऑर्डर देणारा, कुणाचा बाहेरगावचा, कुणाचा छोटी ऑर्डर देणारा. कात्री लावावी लागते, मी नाही म्हणत नाही. पण मगाशी नावाचं लक्षात ठेवा म्हणालो ते इथं. २०२१ साली निन्टेंडो स्विचलाही जुनाच गेम मिळाला होता, फक्त जर्सी आणि संघ ताजे. पण त्याच्या खोक्यावर नावातच 'लेगसी एडिशन' छापलं होतं. घेणाऱ्याला कळायचं, आपण जुनं घेतोय. पीसीच्या नावात असं काहीच नव्हतं. ज्यानं बातम्या वाचल्या त्याला कळलं, बाकीच्यांना गेम उघडल्यावर.

हे मी इतक्या तावातावानं लिहितोय कारण मी स्वतः हेच केलंय. माझा वर्ग दोन प्रकारे चालतो, समोरासमोरची बॅच आणि ऑनलाइन रेकॉर्डिंग. नाव एकच, फी थोडी कमी. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ टक्क्यांचा टप्पा गेला. समोरच्या बॅचला मी त्याच आठवड्यात नवे तक्ते दिले. ऑनलाइनचं म्हटलं, दिवाळी झाली की निवांत रेकॉर्ड करू. मधल्या दिवसांत कोर्स घेतलेल्या एका ताईंनी एका ऑफिसला दिवाळीच्या फराळाचं कोटेशन दिलं. चिवडा, शेव, चकली, सगळं पॅकबंद, आणि माझ्या व्हिडिओप्रमाणे वर १२ टक्के लावून. दर तेव्हा ५ वर आलेला. दुसऱ्या पार्टीनं बरोबर लावला आणि ऑर्डर तिकडे गेली. ताई भांडल्या नाहीत. फोन करून एवढंच म्हणाल्या, "सर, तो व्हिडिओ कधीचा आहे ते वर लिहिलं असतं तर मी कुणाला तरी विचारून घेतलं असतं."

त्यांची पूर्ण फी परत केली, गेलेली ऑर्डर काही परत आली नाही. आता प्रत्येक रेकॉर्डिंगच्या नावातच महिना आणि वर्ष असतं, आणि जे जुनं आहे तिथं 'जुने दर' असं मोठ्या अक्षरात. पहिल्या दोन महिन्यांत त्या पाट्यांमुळे ऑनलाइनची विक्री उतरली. जीएसटीचा भाग मी नव्यानं रेकॉर्ड केलाय, बाकीचे अकरा भाग अजून बाकी आहेत, आणि त्यांच्यावर पाटी तशीच आहे.