पोलादाची बैठक

"पावसाळ्यात माझी रायफल फिरते," बालेवाडीच्या रेंजवर एका मुलीनं सांगितलं. साईटला हात लावलेला नाही, गोळ्या त्याच खोक्यातल्या, तरी मारा डावीकडे सरकतो. पोलादाच्या नळीला पाऊस कसा कळतो, हे मला काही केल्या उमगेना. म्हणून ती दुरुस्तीला निघाली तेव्हा मीही तिच्याबरोबर कोल्हापूरला गेले.

नेमबाजी या जिल्ह्याच्या अंगात आहे. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत इथलीच, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळेही इथलाच. ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते काका आधी फौंड्रीत फिटर होते. भिंतीवर शस्त्रदुरुस्तीचा परवाना, टेबलावर पटाशी, डायल गेज आणि मेणाचा डबा.

रायफल जर्मनीतल्या उल्मची, अन्शुट्झ कंपनीची, अक्रोडाच्या दस्त्याची. काकांनी डायल नळीवर बसवला, त्याचं टोक दस्त्याला टेकवलं आणि पुढचा स्क्रू सैल केला. काटा ०.१८ मिलिमीटर सरकला.

"०.०५. त्याच्या आत पाहिजे," काका म्हणाले.

मी शंका काढली. मागची-पुढची साईट पोलादावरच आहे, मग पोलाद दस्त्यात जरासं हललं तर नेम का चुकावा? साईटही सोबत हलणारच की. काकांना प्रश्न आवडला असावा. "हलण्याचं दुःख नाही ताई, वाकण्याचं आहे." नळी ज्यात बसते त्या पोलादी भागाला अ‍ॅक्शन म्हणतात. तिच्या खालची दस्त्यातली बैठक उंचसखल असेल तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकते. प्रत्येक धक्क्यानंतर ती थोडी वेगळी स्थिरावते. गोळी नळीत जेमतेम दोन-तीन सहस्रांश सेकंद असते, पण तेवढ्यात नळी थरथरते, आणि ती थरथर दर वेळी वेगळी झाली की गोळी वेगळ्या दिशेनं बाहेर पडते. लाकूड पावसाळ्यात ओल पितं, फुगतं, दाब बदलतो. मुलीची तक्रार शब्दशः खरी होती.

पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून फार तर ८ मिलिमीटरची मुभा. ०.०५ चा आग्रह तिथून येतो.

बैठकीचं लाकूड पटाशीनं खरवडणं, भोकांत मॉडेलिंगची माती भरणं, अ‍ॅसिटोननं पुसणं, हे भराभर झालं. मेणाला मात्र काकांनी घाई केली नाही. अ‍ॅक्शनच्या पोटाला एक हात, वाळू द्यायचं, मग दुसरा, मग तिसरा. नखाएवढी जागा कोरडी राहिली तर पोलाद दस्त्यात कायमचं चिकटतं. मग पोलादी भुकटीचं इपॉक्सी कालवलं. "श्रीखंडाएवढं घट्ट पाहिजे," ते म्हणाले. खोलीभर उग्र वास पसरला. मेण आणि इपॉक्सीचा तो एकत्र वास अजून माझ्या ओढणीला आहे.

आता स्क्रू करकचून आवळतील, असं मला वाटलं होतं. काकांनी ते बाजूला ठेवले. बिनडोक्याच्या दोन खिळ्यांच्या आधारानं अ‍ॅक्शन खाली सोडली, तिच्या स्वतःच्या वजनानं. वरून रबराची पट्टी, तीही सैल. "आत्ता आवळलं तर वाकलेलंच पोलाद साच्यात गोठेल." अख्खं कौशल्य मला या एका न-आवळण्यात दिसलं. हात तयार आहेत, हत्यार जवळ आहे, आणि माणूस दाब देत नाही. कडांतून इपॉक्सी हळूहळू वर आलं, ते पुसत ते बसून राहिले. मुलगी तोवर एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या हातोडीचे दोन हलके ठोके, आणि अ‍ॅक्शन सुटली. खाली करड्या बैठकीत पोलादावरच्या बारीक रेघासुद्धा उमटल्या होत्या. स्क्रूची भोकं त्यांनी थोडी रुंद केली, म्हणजे स्क्रूनं फक्त ओढावं, कडेला टेकू नये. दोन्ही ५ न्यूटन-मीटरवर आवळले. पुन्हा डायल, पुन्हा पुढचा स्क्रू सैल. ०.०२.

अशा बैठकीसाठी, म्हणजे बेडिंगसाठी, येणाऱ्या कित्येक रायफलींना त्याची गरजच नसते, हे काकांनीच सांगितलं. गोळ्यांचा लॉट बदलला तरी काम होतं. अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते आल्यापासून हे काम कमी होत चाललंय. तरी मी काकांच्याच बाजूची आहे. धातूचा दस्ता प्रत्येकाला परवडत नाही, आणि चांगली जुनी रायफल एका पावसाळ्यापायी टाकून द्यावी, हे मला पटत नाही.

निघताना काका मुलीला म्हणाले, "हाच लॉट वापर. मारा सरकला तर साईट फिरवायची नाही. आधी स्क्रू पाचवर आहेत का बघायचं, मग मला फोन करायचा."

"आणि पावसाळ्यात?"

"जुलैत घेऊन ये. डायल लावून बघू."