एका ओळीत बदललेला मालक: गझन खानाचं चांदीचं नाणं

मी पडलो कोडवाला माणूस. दोन व्हर्जन्स शेजारी ठेवायच्या आणि नेमकी कुठली ओळ बदलली ते शोधायचं, हे रोजचंच काम. आज तेच दोन नाण्यांवर करून बघू.

हुलागू खानाने १२५८ मध्ये बगदाद घेतलं. इराण-इराकवरच्या त्याच्या घराण्याच्या राज्याला इल्खानी म्हणतात. पहिलं नाणं त्याच्या नातवाचं, अर्घूनचं (१२८४ ते १२९१). अर्घून बौद्ध, तरी नाण्याच्या एका बाजूला अरबीत कलमा! कारण उघड आहे, नाणं बाजारात चालायला हवं. दुसऱ्या बाजूला मंगोल लिपीत मजकूर: खागानाच्या नावाने, अर्घूनने पाडलेले. खागान म्हणजे तेव्हा चीनमध्ये बसलेला कुबलाई खान. थोडक्यात, राज्य माझं, पण मोठे तुम्ही.

आता दुसरं नाणं, अर्घूनचा मुलगा गझन याचं. १२९५ मध्ये तो मुसलमान झाला आणि गादीवरही आला. कलमा आहेच. मंगोल मजकूर मात्र असा: तेंग्रीच्या सामर्थ्याने, गझनने पाडलेले. मध्ये अरबीत ‘गझन महमूद’. खागान गायब! ना लढाई, ना जाहीरनामा. एक ओळ बदलली आणि नाणं सांगू लागलं की आमच्यावर आता फक्त आकाश. गंमत म्हणजे तेंग्री हा मंगोलांचा जुना आकाशदेव. मुसलमान झालेल्या राजानेही तो शब्द ठेवला, कारण त्याचे सरदार मंगोलच होते.

पण नुसत्या मजकुरावर नाणं चालत नाही. १२९४ मध्ये गझनचा काका गयखातू याने तबरीझमध्ये कागदी नोटा काढल्या होत्या. लोकांनी त्या घेतल्याच नाहीत, बाजार ठप्प झाला आणि साधारण दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. म्हणून गझनने वेगवेगळ्या टाकसाळींतल्या नाण्यांना एकच वजन ठरवून दिलं. त्याचं दोन दिरहमचं नाणं साधारण ४.३ ग्रॅम चांदीचं.

म्हणजे बघा, हातातली चांदी खरी होती, म्हणून वरची ओळही लोकांनी चालवून घेतली. पुढच्या वेळी संग्रहालयात असं नाणं दिसलं, तर दोन्ही बाजू नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!