वाद्यं नव्हती, गळे होते

1956 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात, सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात, काही कृष्णवर्णीय तरुण टेपरेकॉर्डर लावून गायला उभे राहिले. स्टुडिओ परवडणारा नव्हता. सॅक्सोफोन वाजवणारा पोरगा त्याच चर्चमधला, म्हणून जागा मिळाली. गाणं फ्रेड पॅरिसचं. लष्करात असताना रात्रीच्या पहाऱ्यावर त्याला ते सुचलं होतं. समूहाचं नाव फाइव्ह सॅटिन्स, गाण्याचं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’.

ध्वनिमुद्रण ऐकलं तर तळघर ऐकू येतं. मागचे आवाज भिंतींवर आपटून थोडे दाटून परततात, पियानो लांबून आल्यासारखा वाटतो आणि मधेच सॅक्सोफोन साधी, जराशी बावरलेली सुरावट वाजवून बाजूला होतो. गाणं लोकप्रियतेच्या राष्ट्रीय यादीत 24 व्या क्रमांकापर्यंतच चढलं. तेव्हा पॅरिस लष्करी नोकरीवर जपानात होता आणि कार्यक्रमांत त्याच्या जागी दुसराच गायक उभा राहत होता. पण पुढे न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राचे श्रोते जुन्या गाण्यांची यादी निवडू लागले, तेव्हा याच गाण्याने वर्षानुवर्षं पहिला क्रमांक सोडला नाही.

याच नावाचं एक गाणं आधीही होतं. कोल पोर्टरचं, 1937 चं, बिग बँडच्या ऐन बहरातलं. घोटाळा नको म्हणून नव्या गाण्यात ‘नाइट’चं स्पेलिंग आखूड केलं. ही दोन गाणी म्हणजे एकाच घराण्याच्या दोन पिढ्या आहेत, असं म्हटलं तर चुकणार नाही.

पहिली पिढी थाटामाटाची. बिग बँड म्हणजे पंधरा-सोळा वादकांचा ताफा: ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन आणि ताल धरणारे पियानो, गिटार, बास, ड्रम. 21 ऑगस्ट 1935 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पालोमार नृत्यगृहात बेनी गुडमनच्या बँडने तरुणांना वेड लावलं आणि ‘स्विंग’चं युग सुरू झालं असं मानतात. ग्लेन मिलरची ओळख त्याहून मऊ. त्याने मुख्य सुरावट क्लॅरिनेटला दिली, तीच खालच्या सप्तकात टेनर सॅक्सोफोनला दिली आणि मधली जागा बाकीच्या सॅक्सोफोननी भरली. ‘मूनलाइट सेरेनेड’ची ती रेशमी चमक येते ती या मांडणीतून. 15 डिसेंबर 1944 रोजी इंग्लिश खाडीवर चाळीस वर्षांच्या मिलरचं विमान बेपत्ता झालं. ज्यांचं तारुण्य युद्धात गेलं, त्यांच्या आठवणीत हा सूर कायमचा चाळीस वर्षांचा राहिला.

तो दिमाख ओसरला, त्यामागे आवडनिवड बदलली एवढंच कारण नव्हतं. 1 ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या संघटनेने मानधनाच्या वादातून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो दोन वर्षांहून अधिक चालला. 1944 मध्ये नाचगाण्याच्या जागांवर 30 टक्के कर बसला. इतक्या वादकांचा प्रवास, जेवण, पगार कोण भागवणार? पण गायक त्या संघटनेत नव्हते! म्हणून 1943 मध्ये फ्रँक सिनात्राने वाद्यवृंदाच्या जागी गायकांचा समूह मागे उभा करून गाणी मुद्रित केली. वाद्याचं काम गळा करू शकतो, हे मिल्स ब्रदर्स या चार भावांनी आधीच दाखवलं होतं. एका गिटारीशिवाय कोणतंही वाद्य वापरलेलं नाही, असं त्यांच्या तबकडीवर छापावं लागायचं.

दुसऱ्या पिढीकडे गळ्याशिवाय काहीच नव्हतं. न्यूयॉर्क, बाल्टिमोर, फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांतली पोरं शाळेच्या न्हाणीघरात, जिन्याखाली, भुयारी रेल्वेच्या स्थानकात जमायची, कारण तिथे आवाज घुमतो. एकजण खर्जात बास वाजवल्यासारखा गायचा, दोघे-तिघे ट्रोम्बोन-सॅक्सोफोनची जागा भरायचे, वर एक कोवळा टिपेचा सूर. मागच्या निरर्थक अक्षरांवरूनच पुढे ‘डू-वॉप’ हे नाव पडलं. हा गरिबांचा बिग बँडच होता. गाणीही कित्येकदा तीच: फ्लेमिंगोजनी 1959 मध्ये आणि मार्सेल्सनी 1961 मध्ये गाजवलेली ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’ आणि ‘ब्लू मून’ ही दोन्ही गाणी मुळात 1934 ची.

स्विंगचे सूर आपल्याकडेही पोहोचले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या आल्दोनाचा अँटोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्या 1951 च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो.

अमेरिकेत डू-वॉपची हळहळ फार लवकर सुरू झाली. 1959 मध्येच रेडिओ निवेदक आर्ट लॅबो यांनी ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाची तबकडी काढली. त्यातली गाणी अवघी काही वर्षं जुनी! 1973 चा ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपट अकराच वर्षांपूर्वीची एक रात्र आठवतो. किशोरवयात आणि विशीत ऐकलेलं संगीत मनात सर्वांत खोल रुजतं, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात. त्यातून डू-वॉप ऐकत वाढलेल्यांची ती वर्षं फार पटकन संपली: लष्कराची सक्तीची भरती, लग्न, नोकरी.

या गोड आठवणींत एक अन्याय मात्र झाकला जातो. कॉर्ड्स या कृष्णवर्णीय गटाचं 1954 चं ‘श-बूम’ गोऱ्या क्रू-कट्सनी पुन्हा गायलं आणि पहिला क्रमांक त्यांनाच मिळाला. तेराव्या वर्षी देशभर गाजलेला फ्रँकी लायमन 1968 मध्ये पंचविसाव्या वर्षी हेरॉइनने गेला. पुढे तर मूळ गटाचं नाव लावून भलतेच गायक मंचावर येऊ लागले. हे थांबवण्यासाठी ‘शा ना ना’ गटाचे जॉन बाउमन यांनी राज्याराज्यांत मोहीम चालवली आणि तीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. ते झाले तेव्हा कित्येक खरे गायक हयातही नव्हते.

आर्ट लॅबो मात्र रेडिओवर शेवटपर्यंत होते. त्यांच्या कार्यक्रमात लोक फोन करून कुणासाठी तरी गाणं मागत. तुरुंगात असलेल्या नवऱ्यासाठी बायको मागे, बापासाठी लेकरं मागत. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 97 व्या वर्षी ते गेले. अखेरचा कार्यक्रम त्यांनी आधीच तयार करून ठेवला होता, तो त्यांच्यामागे दोन दिवसांनी, रविवारी रात्री लागला.