क्वार्टरबॅकच्या नजरेतून: स्टीव्ह स्परियर यांची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉल या खेळात पायाचे काम धावण्यापुरते आणि क्वचित चेंडू लाथाडण्यापुरते असते; अंडाकृती चेंडू हातात घेऊन पुढे घुसणे किंवा तो फेकून साथीदाराकडे पोहोचवणे हा त्याचा खरा गाभा आहे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. ज्याच्याकडे चेंडू असेल त्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाची रेषा चेंडूसह ओलांडली की सहा गुणांचा ‘टचडाउन’ होतो, तर उभ्या खांबांमधून चेंडू लाथाडून पार केल्यास ‘फील्ड गोल’चे तीन गुण मिळतात. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो धावणाऱ्या साथीदाराला सोपवायचा की दूर फेकायचा हे ज्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, तो क्वार्टरबॅक. या जागेवर खेळलेला माणूस प्रशिक्षक झाला, तर संपूर्ण खेळाकडे तो क्वार्टरबॅकच्याच नजरेने पाहतो की काय, या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर स्टीव्ह स्परियर यांच्या कारकिर्दीत सापडते.

स्परियर यांचा जन्म १९४५ साली फ्लोरिडातील मायामी बीच येथे झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि मुलाचे शालेय शिक्षण टेनेसी राज्यातील जॉन्सन सिटी या गावी झाले. पुढे गेन्सव्हिल येथील फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना १९६६ साली त्यांना हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. त्याच मोसमात ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध २७-२७ अशी बरोबरी असताना, शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी स्वतः पुढे होऊन चाळीस यार्डांवरून फील्ड गोल केला आणि सामना ३०-२७ असा जिंकला. लांबून फील्ड गोल करणे हे त्यांचे नेहमीचे काम नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा आत्मविश्वास किती जुना होता हे कळते.

व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची निवड ज्या क्रमाने करतात त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने स्परियर यांना तिसऱ्या क्रमांकावर निवडले, परंतु तेथे जॉन ब्रोडी हा मुरलेला क्वार्टरबॅक असल्यामुळे पुढील नऊ मोसमांतील बराच काळ त्यांना राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून काढावा लागला. ब्रोडी जखमी झाल्यामुळे १९७२ साली मिळालेली संधी त्यांनी चांगली साधली, पण तो अपवाद ठरला. १९७६ साली ते टँपा बे बकॅनियर्स या नव्याने स्थापन झालेल्या संघात गेले आणि त्या संघाने मोसमातील चौदाही सामने गमावले. खेळाडू म्हणून ही कारकीर्द निष्प्रभच म्हणावी लागेल. परंतु बाहेर बसून बचावाच्या मांडण्या पाहण्यात गेलेली वर्षे ही प्रशिक्षकासाठी भांडवल ठरतात, आणि त्यांच्या बाबतीत तसेच झाले असे मानण्यास जागा आहे.

सहायक म्हणून काही वर्षे काम केल्यानंतर १९८३ ते १९८५ या काळात त्यांनी युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग या अल्पायुषी स्पर्धेतील टँपा बे बँडिट्स संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले. ती लीग बुडाल्यावर १९८७ मध्ये ते ड्यूक विद्यापीठात आले. अभ्यासासाठी नावाजलेल्या आणि फुटबॉलमध्ये मागे पडलेल्या या विद्यापीठाला त्यांनी १९८९ साली आपल्या गटाचे संयुक्त विजेतेपद मिळवून दिले, जे त्याला १९६२ नंतर लाभले नव्हते. त्याच मोसमात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला त्याच्याच मैदानावर ४१-० असे हरवल्यावर त्यांनी गुणफलकासमोर संघाचे छायाचित्र काढवून घेतले. जिंकण्याबरोबर डिवचणेही त्यांना आवडत असे, आणि ही खोड त्यांनी कधी लपवली नाही.

१९९० साली ते फ्लोरिडा विद्यापीठात परतले, तेव्हा अमेरिकेच्या आग्नेय भागातील विद्यापीठांच्या ‘साऊथईस्टर्न कॉन्फरन्स’ या गटात धावण्यावर भर देणारा, सावध खेळ रूढ होता. चेंडू फेकला तर तो जमिनीवर पडून प्रयत्न वाया जाऊ शकतो, किंवा प्रतिस्पर्धी तो मध्येच झेलू शकतो, ज्याला ‘इंटरसेप्शन’ म्हणतात. म्हणून फेक हा अडचणीतला उपाय समजला जाई. स्परियर यांनी हा हिशेब उलटा मांडला. बचाव करणारे खेळाडू कुठे उभे आहेत हे क्वार्टरबॅकने प्रयत्न सुरू होण्यापूर्वीच वाचले आणि त्यानुसार ठरलेली चाल तिथल्या तिथे बदलली, तर मैदानात कुठेतरी मोकळी जागा असतेच आणि फेकीतील धोका बराच कमी होतो, असे त्यांचे गृहीतक होते. चाली ते स्वतःच ठरवत, क्वार्टरबॅक चुकला की त्याला निःसंकोच बाहेर बसवत, आणि १९९७ साली अपराजित फ्लोरिडा स्टेट संघाविरुद्ध तर त्यांनी दोन क्वार्टरबॅक आळीपाळीने खेळवून ३२-२९ असा विजय मिळवला.

त्यांच्या विचारपद्धतीचा कस १९९५ आणि १९९६ या दोन मोसमांत लागला. १९९५ मध्ये एकही सामना न हरता अंतिम लढतीपर्यंत पोहोचलेल्या फ्लोरिडाचा नेब्रास्काने ६२-२४ असा धुव्वा उडवला. आक्रमणाच्या जोरावर सर्व काही निभावते हा समज त्या दिवशी मोडला आणि स्परियर यांनी बचावाची सूत्रे बॉब स्टूप्स या नव्या सहायकाकडे दिली. पुढील वर्षी नियमित मोसमाच्या शेवटी फ्लोरिडा स्टेटने त्यांना २४-२१ असे हरवले आणि त्या सामन्यात क्वार्टरबॅक डॅनी वर्फेल याला वारंवार पाडले गेले. राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या शुगर बोल सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा स्परियर यांनी वर्फेलला ‘शॉटगन’ मांडणीत, म्हणजे चेंडू देणाऱ्या खेळाडूच्या काही यार्ड मागे उभे केले. त्यामुळे त्याला बचाव वाचायला आणि फेकायला पुरेसा अवधी मिळाला आणि फ्लोरिडाने ५२-२० असा विजय मिळवून आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. वर्फेललाही त्या मोसमात हाइझमन ट्रॉफी मिळाली. आपल्या पद्धतीवर एवढा गर्व असलेल्या माणसाने महिन्याभरात तिच्यात दुरुस्ती केली, ही गोष्ट त्या गुणसंख्येपेक्षा महत्त्वाची आहे. बारा मोसमांत १२२ विजय आणि गटाची सहा विजेतेपदे हा फ्लोरिडातील त्यांचा हिशेब आहे.

२००२ साली पाच वर्षांच्या आणि अडीच कोटी डॉलरच्या कराराने ते वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले, आणि तेथे दोन मोसमांत बारा सामने जिंकून व वीस हरून त्यांनी पद सोडले. महाविद्यालयीन खेळात चांगले खेळाडू निवडून आणणारे विद्यापीठ दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर सहज मात करते. व्यावसायिक खेळात बचाव करणारेही तितकेच निष्णात असतात आणि क्वार्टरबॅकला विचार करायला वेळच देत नाहीत. फ्लोरिडातील आपल्या जुन्या शिष्यांना तेथे आणूनही हा फरक भरून निघाला नाही.

त्यानंतर २००५ पासून साऊथ कॅरोलायना विद्यापीठात मात्र वेगळेच स्परियर दिसले. मार्कस लॅटिमोरसारखा धावपटू आणि जेडेव्हियन क्लाउनीसारखा बचावपटू यांच्यावर भिस्त ठेवणारा संघ त्यांनी बांधला, २०१० मध्ये अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ३५-२१ असे हरवले आणि २०११ पासून सलग तीन मोसमांत प्रत्येकी अकरा विजय मिळवले, जे त्या विद्यापीठाला पूर्वी कधीच साधले नव्हते. फ्लोरिडातील यशापेक्षा हे काम अधिक अवघड होते, कारण येथे त्यांना स्वतःच्या आवडीला मुरड घालावी लागली. २०१५ च्या मोसमात संघ हरू लागल्यावर त्यांनी अर्ध्यातच राजीनामा दिला, ज्याबद्दल टीकाही झाली. तरीही फ्लोरिडा आणि साऊथ कॅरोलायना या दोन्ही विद्यापीठांना सर्वाधिक सामने जिंकून देणारे प्रशिक्षक स्परियर हेच आहेत, आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९८६ साली खेळाडू म्हणून समाविष्ट झालेले त्यांचे नाव २०१७ साली प्रशिक्षक म्हणूनही नोंदवले गेले.