पवनविद्युत प्रकल्पाची पारेषण जाळ्याशी जोडणी : लातूर–धाराशिव पट्टा आणि कळंब उपकेंद्र

प्रस्तावना

माळरानावर पवनचक्की उभी राहिली, तिची पाती फिरू लागली की वीज मिळू लागली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पाती फिरणे ही प्रकल्पाची अर्धीच वाटचाल होय. निर्माण झालेली वीज साठवून ठेवण्याची सोय बहुतेक प्रकल्पांत नसते. ती त्याच क्षणी राष्ट्रीय पारेषण जाळ्यात सोडावी लागते आणि जाळे ती स्वीकारण्याच्या स्थितीत नसेल तर वारा असूनही यंत्र थांबवावे लागते. पवनचक्क्या एक-दोन वर्षांत उभ्या राहू शकतात; अतिउच्चदाब वाहिनी आणि उपकेंद्र यांना त्याहून अधिक काळ लागतो. या दोन कालावधींतील अंतर हाच जोडणीचा मूळ प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात लातूरला लागून असलेल्या कळंब (जि. धाराशिव) येथील उपकेंद्राच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

वारा कोठे आणि वाहिन्या कोठे

मराठवाड्यात वाऱ्याचे वाटप समान नाही. नांदेड शहर गोदावरीच्या सखल खोऱ्यात वसले आहे. लातूर व धाराशिव हे जिल्हे बालाघाटच्या पठारावर आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे या उघड्या पठारावर वेगाने वाहतात. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. त्यामुळे पठार व खोरे यांतील वेगाचा थोडासा फरकही उत्पादनात मोठा होऊन दिसतो. जुन्या यंत्रांची उंची कमी असल्याने हा प्रदेश पूर्वी फारसा विचारात घेतला गेला नाही. यंत्राचा मध्य १२० मीटर व त्याहून वर गेल्यावर चित्र पालटले. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची संभाव्य क्षमता १२० मीटर उंचीवर सुमारे ९८ गिगावॅट, तर १५० मीटर उंचीवर सुमारे १७४ गिगावॅट आहे. प्रत्यक्ष स्थापित क्षमता या तुलनेत अत्यल्प, म्हणजे सुमारे ५ गिगावॅट इतकीच आहे.

या प्रदेशातील अतिउच्चदाब वाहिन्या मात्र वाऱ्यासाठी आखलेल्या नव्हत्या. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज पश्चिमेकडे नेणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या परळीपर्यंत येतात. परळीहून पुढे पुण्याकडे जातात. मराठवाडा हा त्या विजेचा प्रामुख्याने मार्ग होता. परळीचे औष्णिक केंद्र येथे होते खरे, परंतु २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवण्याची वेळ आली. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात पाण्याशिवाय चालणाऱ्या वीजनिर्मितीचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

यंत्रापासून जाळ्यापर्यंत

पवनचक्कीतील जनित्र साधारणतः ६९० व्होल्ट इतक्या कमी दाबाने वीज निर्माण करते. प्रत्येक यंत्राजवळील रोहित्र हा दाब ३३ किलोव्होल्टपर्यंत वाढवते. अनेक यंत्रांच्या ३३ किलोव्होल्टच्या वाहिन्या प्रकल्पाच्या स्वतःच्या संचयन उपकेंद्रात एकत्र येतात, तेथे दाब २२० किलोव्होल्ट केला जातो आणि तेथून समर्पित वाहिनीने वीज जाळ्याच्या उपकेंद्रात पोहोचते.

एवढ्या पायऱ्या कशासाठी, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. १०० मेगावॅट वीज ३३ किलोव्होल्टने न्यावयाची तर सुमारे १,७५० अँपिअर प्रवाह लागतो. २२० किलोव्होल्टने न्यावयाची तर सुमारे २६२ अँपिअर पुरतो. तारेतील उष्णतारूपी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच तारेतून तीच शक्ती कमी दाबाने नेल्यास हानी सुमारे ४४ पट होईल. ३३ किलोव्होल्टची वाहिनी लांबवून काम भागवावे, ही सूचना ग्रामीण भागात वारंवार केली जाते. मोठ्या प्रकल्पाबाबत ती याच कारणाने टिकत नाही.

आधी पवनचक्की की आधी उपकेंद्र

महाराष्ट्रातील पवनऊर्जेचा पहिला मोठा विस्तार सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर झाला. कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे अतिउच्चदाब जाळे तेथून फार दूर नव्हते. तरीही क्रम असा होता की विकासकाने जागा शोधावी, यंत्रे उभारावीत आणि जाळ्यापर्यंतची व्यवस्थाही स्वतःच करावी. त्या खर्चाचा काही भाग परत मिळण्याची तरतूद राज्याच्या धोरणात होती. या क्रमात प्रत्येक विकासक केवळ आपल्यापुरती वाहिनी आखतो. एकाच पठारावर शेजारी शेजारी वाहिन्या धावतात आणि त्या सर्व ज्या उपकेंद्रात पोहोचतात त्याची क्षमता कोणीच आधी पाहिलेली नसते.

कळंब येथे हा क्रम उलटा करण्यात आला. तेव्हाच्या उस्मानाबाद परिसरातील १ गिगावॅट नवीकरणीय वीज बाहेर नेण्यासाठी आंतरराज्य पारेषण योजना प्रथम आखली गेली. प्रकल्पांनी नंतर तेथे जोडून घ्यावे अशी कल्पना होती. २०२१ अखेर दर-आधारित स्पर्धात्मक निविदेतून हे काम इंडिग्रिड व जी. आर. इन्फ्राप्रोजेक्ट्स यांच्या समूहाकडे गेले. केंद्रीय दस्तऐवजांत या स्थळाचा उल्लेख ‘कल्लम’ असा होतो. रोमन लिपीतील लेखनामुळे झालेला हा बदल असून यवतमाळ जिल्ह्यातील कळंबशी त्याचा संबंध नाही.

योजनेचा तांत्रिक गाभा लक्षात घेण्यासारखा आहे. परळी ते पुणे ही ४०० किलोव्होल्टची द्विमंडल वाहिनी या परिसरातून आधीच जात होती. तिची दोन्ही मंडले मध्येच तोडून नव्या उपकेंद्रात आत आणली आणि पुन्हा बाहेर काढली. अभियंत्यांच्या भाषेत याला ‘लिलो’ म्हणतात. पुण्यापर्यंत नवी वाहिनी टाकण्याऐवजी थोड्या अंतराच्या जोडणीने संपूर्ण जाळे उपलब्ध झाले. उपकेंद्रात ५०० एमव्हीए क्षमतेची दोन ४००/२२० किलोव्होल्टची रोहित्रे योजिलेली होती. चंद्रपूरच्या कोळशासाठी मार्ग ठरलेले मराठवाड्याचे पठार अशा रीतीने स्वतःच वीज चढवण्याचे ठिकाण झाले.

मात्र उपकेंद्र आधी बांधण्यात धोकाही आहे. अपेक्षित प्रकल्प आलेच नाहीत तर रोहित्रे रिकामी राहतात आणि त्यांचा खर्च अखेर देशभरच्या वीजग्राहकांवर पडतो. म्हणूनच केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या २०२२ च्या जोडणीविषयक विनियमांत किमान ५० मेगावॅट क्षमता, बँक हमी आणि जमिनीचा पुरावा अशा अटी आहेत. जोडणीचा अर्ज सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटी या शासकीय कंपनीकडे करावा लागतो. उपकेंद्रातील ‘बे’, म्हणजे वाहिनी आत घेण्याची सुसज्ज जागा, मोजकीच असते. ती अडवून ठेवणारा आणि खरोखर प्रकल्प उभारणारा यांत भेद करणे हा या अटींचा हेतू आहे. बँक हमीचा भार लहान स्थानिक उद्योजकाला पेलत नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. मराठवाड्यातील एखाद्या सहकारी संस्थेने असा प्रकल्प उभारण्याची कल्पना या पातळीवर जवळजवळ अशक्य ठरते.

आणखी एक अडचण निसर्गातूनच येते. १०० मेगावॅटचा पवनप्रकल्प वर्षभराच्या सरासरीने ३० मेगावॅटच्या आसपास देतो, पण ऐन पावसाळ्यात तो पूर्ण क्षमतेजवळ जातो. वाहिनी सरासरीसाठी आखता येत नाही, ती कमालीसाठीच आखावी लागते. परिणामी हिवाळ्यात ती बरीचशी रिकामी राहते. २०१८ च्या राष्ट्रीय पवन-सौर संकरित धोरणामागे हाच विचार होता. ढगाळ दिवसांत सौरवीज घटते तेव्हा वारा जोरात असतो. उन्हाळी दुपारी त्याच ‘बे’मधून सौरवीज जाऊ शकते.

जाळ्याच्या अटी

उपकेंद्रात जागा मिळाली तरी जाळे कोणतेही यंत्र बिनशर्त स्वीकारत नाही. सुरुवातीच्या काळातील अनेक पवनचक्क्यांत साधी प्रेरण जनित्रे होती. चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठी अशी जनित्रे जाळ्यातूनच रिअॅक्टिव्ह पॉवर घेतात. ही शक्ती प्रत्यक्ष काम करीत नाही, परंतु तिच्याअभावी दाब कोसळतो. ग्रामीण वाहिनीच्या टोकाला मोटार सुरू होताच दिवे मंदावतात, तोच हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. आधुनिक यंत्रांत इलेक्ट्रॉनिक परिवर्तक असल्याने ही शक्ती घेता तसेच देताही येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जोडणीच्या २००७ च्या तांत्रिक मानकांत २०१३ मध्ये दुरुस्ती करून पवन व सौर प्रकल्पांसाठी स्वतंत्र अटी घातल्या. शक्तिगुणक दोन्ही बाजूंना ०.९५ पर्यंत बदलता आला पाहिजे, ही त्यांतील एक अट.

अधिक महत्त्वाची अट दोषकाळात टिकून राहण्याची आहे. जाळ्यात कोठे वीज कोसळली वा तार तुटली की क्षणभर दाब एकदम उतरतो. जुनी यंत्रे अशा वेळी स्वसंरक्षणार्थ जाळ्यापासून तुटत. एक-दोन यंत्रे तुटल्याने बिघडत नाही. पण शेकडो मेगावॅट एकाच क्षणी नाहीसे झाले तर मूळ किरकोळ दोषाचे रूपांतर मोठ्या संकटात होते. म्हणून दाब १५ टक्क्यांपर्यंत खाली गेला तरी ३०० मिलिसेकंद यंत्राने जोडलेले राहिले पाहिजे, असे बंधन आले. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील जाळे कोसळल्याने अशा घटना किती वेगाने पसरतात याची कल्पना आली होती. त्या घटनेचे कारण पवनऊर्जा नव्हते, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे.

याशिवाय वाऱ्याचा अंदाज द्यावा लागतो. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येकातील अपेक्षित उत्पादन भार प्रेषण केंद्राला आधी कळवायचे आणि चूक ठराविक मर्यादेबाहेर गेली तर आकार भरायचा. राज्याच्या जाळ्याशी जोडलेल्या प्रकल्पांसाठी राज्य आयोगाने याविषयीचे विनियम २०१८ मध्ये केले.

वीज कोणाची

‘गावावरून वीज जाते, पण गावात वीज नाही’ ही तक्रार अशा प्रकल्पांभोवती ऐकू येते. तिच्यात भौतिक वस्तुस्थिती आणि व्यवहार यांची गल्लत आहे. वीज करारानुसार वाहत नाही, ती कमी अवरोधाच्या मार्गाने जवळच्या भाराकडे जाते. कळंबला जाळ्यात आलेली वीज कागदावर दुसऱ्या राज्याला विकलेली असली तरी तिचा काही अंश प्रत्यक्षात मराठवाड्यातच वापरला जाणे शक्य आहे. गावातील पुरवठा ठरतो तो ३३/११ किलोव्होल्टच्या वितरण उपकेंद्रावर, त्यातील रोहित्राच्या क्षमतेवर. ४०० किलोव्होल्टच्या उपकेंद्राने त्यात आपोआप काही सुधारणा होत नाही. तक्रार तांत्रिकदृष्ट्या चुकीची असली तरी तिच्यामागील विषाद निराधार नाही : जमीन येथील आणि दरातील लाभ अन्यत्र. ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित झालेल्या पवन व सौर प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण आकारातून पूर्ण सूट होती. त्यानंतरच्या प्रकल्पांसाठी ती दरवर्षी २५ टक्क्यांनी घटते. या सवलतीने दूरच्या खरेदीदाराला मराठवाड्याचा वारा स्वस्त पडला.

तारांखालची जमीन

२२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी साधारणतः ४६ मीटर. म्हणजे २२० किलोव्होल्टच्या प्रत्येक किलोमीटरखाली साडेतीन हेक्टर जमीन येते. या जमिनीचे संपादन होत नाही. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. सोयाबीन वा तूर घेता येते, परंतु आंब्याची बाग लावता येत नाही, विहिरीवर बोअरची गाडी उभी करताना भीती असते आणि घर बांधण्याचा प्रश्नच उरत नाही. उसाचे पाचट तारांखाली पेटवल्यास धुरामुळे हवेची रोधकता घटून तारांमधून ठिणगी पडू शकते, हे लातूरच्या ऊसपट्ट्यात विशेष सांगावे लागते. भूकंपाचा अनुभव घेतलेल्या किल्लारी परिसरात मनोऱ्यांविषयी शंका विचारली जाते. जाळीदार पोलादी मनोऱ्यावर मात्र भूकंपापेक्षा वाऱ्याचा आणि तार तुटल्यावर येणाऱ्या ओढीचा भार निर्णायक असतो. खरी काळजी पायाची असते, कारण काळी माती ओलाव्याने फुगते आणि सुकल्यावर भेगाळते.

मोबदल्याचा इतिहास फारसा उदार नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ अन्वये पारेषण कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार देता येतात. हे अधिकार मिळालेल्या कंपनीला मालकाच्या संमतीविना वाहिनी नेता येते, विरोध झाल्यास जिल्हादंडाधिकारी परवानगी देतात आणि भरपाई अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागावी लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या जागेसाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला होता. जून २०२४ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आली. पट्ट्याचा वापर कायमचा मर्यादित होतो हे पाहता १५ टक्के हा आकडा प्रारंभापासूनच अपुरा होता.

विकासकाच्या समर्पित वाहिनीची स्थिती याहून निराळी आहे. कलम १० नुसार निर्मिती कंपनीला अशी वाहिनी परवान्याविना बांधता येते, पण तार कायद्याचे अधिकार तिला आपोआप मिळत नाहीत. ते न मिळाल्यास प्रत्येक शेतकऱ्याशी स्वतंत्र बोलणी करावी लागते आणि दर गटागणिक बदलतो. येथेच दलाल शिरतात, दबावाला वाव मिळतो. डिसेंबर २०२४ मध्ये कळंबलगतच्या केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तपास यंत्रणेने तिचा संबंध आरोपपत्रात जोडला आहे. वाहिनीचा मार्ग व मोबदल्याचा दर ग्रामसभेत आधी जाहीर करणे ही या परिस्थितीत केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. आज मात्र एकाच शिवारातून पारेषण कंपनीची ४०० किलोव्होल्टची आणि खासगी विकासकाची २२० किलोव्होल्टची वाहिनी गेली, तर बांधाच्या एका बाजूच्या शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेला दर मिळतो आणि दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याला त्याने स्वतः घासाघीस करून मिळवलेला.