गदाधारी बिशप

बायोचा प्रसिद्ध भरतकामाचा पट अकराव्या शतकातला, सुमारे 70 मीटर लांब. त्यात 1066 ची हेस्टिंग्जची लढाई ऐन रंगात असताना एक घोडेस्वार जाडजूड सोटा उगारून बिचकलेल्या तरुण शिपायांना धीर देताना दिसतो. तो ओडो: बायोचा बिशप आणि नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमचा सावत्र भाऊ.

सोटाच का? धर्मगुरूंना रक्त सांडायला मनाई, म्हणून तलवारीऐवजी गदा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. गदेनं कवटी फुटली तर रक्त येत नाही, हा शोध कोणाचा देव जाणे! त्याच पटावर खुद्द विल्यमच्या हातातही सोटा आहे, आणि तो काही पाद्री नव्हता. बहुधा ती सेनापतीची खूण असावी.

मनाई मात्र खरी होती. 742 च्या जर्मन धर्मसभेनं पाद्र्यांना शस्त्र, लढाई आणि शिकार तिन्ही वर्ज्य ठरवली होती. ती धाब्यावर बसली याचं कारण जमिनीत आहे. राजा बिशपला जहागिरी देई आणि जहागिरीमागोमाग फौज पुरवण्याची जबाबदारी येई. 981 मध्ये सम्राट दुसऱ्या ओटोनं इटलीच्या मोहिमेसाठी चिलखती स्वार मागवले, त्यांतले निम्म्याहून जास्त बिशप आणि मठाधिपतींच्या वाट्याचे होते.

एकाच अंगावर झगा आणि चिलखत. राजे हवं ते बघत. 1082 मध्ये विल्यमनं ओडोला कैद केलं. बिशपला हात लावता येत नाही, अशी हरकत निघाली. उत्तर मिळालं: बिशपला कोण पकडतंय? आम्ही केंटच्या अर्लला पकडतोय.

बोव्हेचा बिशप फिलिप तर लढाईतच सापडला, 1197 मध्ये, इंग्लंडच्या रिचर्डच्या माणसांना. पोपनं आपल्या या ‘पुत्रा’साठी रदबदली केली. तेव्हा, इतिवृत्तकार सांगतात, रिचर्डनं बिशपचं चिलखत पोपकडे धाडून विचारलं, हा अंगरखा तुमच्या मुलाचाच का, ओळखा. बायबलात योसेफाचे भाऊ त्याचा रक्तानं माखलेला झगा बापापुढे टाकून हेच विचारतात. पोप काय बोलणार!

रिचर्ड 1199 मध्ये मेला, त्यानंतरच फिलिप सुटला. 1214 च्या बूव्हीनच्या लढाईत तो पुन्हा हजर, हातात गदा. सॉल्झबरीच्या अर्लला त्यानं लोळवलं आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर घालायला सांगितलं, असं समकालीन कवी लिहितो. 1217 मध्ये मरेपर्यंत तो बोव्हेचा बिशपच होता.